शांघायचा हरवलेला मूकपट नॉर्वेत कसा सापडला?

वाईकर मास्तर

मंडळी, जरा मदत हवी आहे.

मी सहावीला इतिहास शिकवतो. युआन श्वांगचा उल्लेख आला (आपल्या वेळी हा ह्युएन त्संग होता) की एक तरी पोरगं विचारतंच, "सर, एवढ्या लांबून आला, वाटेत कुणी लुटलं नाही का त्याला?" मग मी त्याने पुलकेशीच्या महाराष्ट्राबद्दल काय लिहून ठेवलंय ते सांगतो. इथली माणसं मानी, उपकार विसरत नाहीत, आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत. वर्ग खूश. यंदा मात्र एका मुलीने उभं राहून सांगितलं की त्याच्याबरोबर एक माकड होतं आणि ते सगळ्यांना काठीने बडवायचं. तिने कार्टून बघितलं होतं.

तर त्या माकडाच्या मागे लागलो. चीनमध्ये या भिक्खूच्या प्रवासावर सोळाव्या शतकात एक भलीमोठी अद्भुत कादंबरी झाली. तिच्यातल्या एका प्रसंगावर १९२७ साली शांघायमध्ये 'पान सी दोंग' (म्हणजे रेशमी जाळ्याची गुहा) नावाचा मूकपट निघाला. भिक्षा मागायला गेलेला भिक्खू सात कोळी-राक्षसिणींच्या (कोळी म्हणजे जाळं विणणारा) गुहेत अडकतो, त्यांची राणी त्याच्याशी लग्न लावायचा घाट घालते, आणि मग माकड, डुक्करतोंड्या आणि तिसरा चेला मिळून त्याला सोडवतात. दिग्दर्शक दान दुयू, राणीच्या भूमिकेत त्याची बायको यिन मिंगझू.

हा चित्रपट कित्येक दशकं कुणाकडेच नव्हता. चीनमध्येही नाही. चार फोटो तेवढे उरले होते. आणि २०११ च्या सुमारास तो निघाला कुठे, तर नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साठ्यात!

माझ्या डोक्यात घोळणारे प्रश्न असे. ही प्रिंट तिकडे गेलीच कशी, आणि चीनमध्ये एकही न उरता तिकडेच कशी टिकली? काही ठिकाणी याला 'कुंगफूचा आद्य चित्रपट' म्हटलंय, ते कितपत खरं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या मास्टर विठ्ठलचे तलवारबाजीचे मूकपट असेच कुठे सापडतील का? माझे आजोबा त्याच्या पिक्चरसाठी घरातली हरभऱ्याची डाळ विकायचे म्हणे.

---

एकपडदा

मास्तर, कुंगफू म्हणाल तर नाही. हाणामारी म्हणाल तर भरपूर.

तेव्हा शांघायमध्ये दोन प्रकार एकमेकांत मिसळलेले होते. एक 'वू-श्या', म्हणजे तलवारबाज वीर आणि वीरांगनांच्या गोष्टी. दुसरा 'शेन-ग्वाय', म्हणजे देव, भुतं, मायावी विद्या. तुमचा कोळ्यांचा पिक्चर दुसऱ्यात जास्त, पहिल्यात कमी. उस्तादाने शिकवलेले खरे हात-पाय पडद्यावर यायला बराच वेळ गेला. हाँगकाँगला १९४९ मध्ये क्वान ताक-हिंग या नटाला घेऊन कुंगफूचा उस्ताद वाँग फेई-हुंग याच्यावरचे पिक्चर सुरू झाले, तिथून खरी सुरुवात धरा. आम्ही सिंगल स्क्रीनला शिट्ट्या वाजवत बघितलेले सगळे त्याच घराण्याचे.

पण खरं दुःख वेगळंच आहे. १९२८ ला मिंगशिंग कंपनीने 'लाल कमळ मंदिराला आग' काढला, दिग्दर्शक झांग शीच्वान. तो एवढा चालला की तीन वर्षांत अठरा भाग काढले. अठरा! आता वेब सिरीजवाले काय सीझन काढतील. कॅमेरामन दोंग केयी वायरला टांगून माणसं उडवायचा, आणि तलवारीतून निघणारा प्रकाशाचा झोत हाताने चितारून फिल्मवर आणायचा. पुढची चार वर्षं शांघायमध्ये प्रत्येक कंपनी हेच काढत होती. पोरं घर सोडून डोंगरात गुरू शोधायला पळतात अशा बातम्या यायला लागल्या. मग सरकारने अंधश्रद्धा पसरते म्हणून असल्या चित्रपटांवर बंदी आणली. त्यात १९३२ च्या जानेवारीत जपान्यांनी शांघायच्या झाबेई भागावर बॉम्ब टाकले, आणि कितीतरी स्टुडिओ तिथेच होते.

त्या अठरा भागांपैकी आज बघायला काही नाही. त्या लाटेतला जवळपास अख्खा राहिलेला म्हणजे १९२९ चा 'लाल वीरांगना', नायिका फान श्वेपंग. तो जालावर सापडतो, जरूर बघा. पहिला अर्धा तास ती रडते, मग जी उठते ती उठतेच.

त्यामुळे कोळ्यांचा पिक्चर मिळाला याचा आनंद आहे, पण मला मंदिर पाहिजे.

---

ऑस्लोकर

मी इथे बरीच वर्षं आहे, म्हणून इथल्या बाजूचं सांगतो.

१८ जानेवारी १९२९ ला ऑस्लोच्या कोलोसियम थिएटरात हा लागला. नॉर्वेत दाखवलेला हा पहिला चिनी चित्रपट. थिएटर तेव्हा नवं कोरं होतं, आदल्याच वर्षी उघडलेलं. आजही चालू आहे. वर मोठा घुमट आहे, आत गेलं की मान वर जातेच. त्या जानेवारीच्या थंडीत इथल्या लोकांनी सात कोळिणींच्या तावडीतला भिक्खू बघितला असेल, याची मला फार गंमत वाटते. कारण त्यांना ना बुद्ध माहीत, ना माकड. बिचाऱ्या वितरकाने नाव ठेवलं 'कोळी', झालं.

दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत. एका बाजूला उभी चिनी अक्षरं, शेजारी नॉर्वेजियन. नॉर्वेजियन लिहिणाऱ्याने मधून मधून स्वतःची थट्टा घातली आहे असं इथले जाणकार सांगतात, आणि वाचल्यावर मलाही पटलं.

प्रिंट सापडली ती मु-इ-राना गावात. ध्रुववृत्ताच्या जरासं खाली, ट्रोनहाइमहून उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेवर. मुळात पोलादाच्या कारखान्याचं गाव. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारी कारखान्याला उतरती कळा लागली, तेव्हा लोकांच्या हाताला काम म्हणून राष्ट्रीय ग्रंथालयाची शाखा तिथे नेली. डोंगर पोखरून कोठारं केली आहेत. देशात छापलेलं, ध्वनिमुद्रित केलेलं, चित्रित केलेलं सगळं तिथे जातं. तिथे जुनी नायट्रेट रिळं एकेक करून बघताना हे निघालं. सगळं नाही, सुरुवातीचा भाग गेलेला आहे. साधारण तासाभराचं आहे. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या चित्रपट महोत्सवात पुन्हा दाखवलं, आणि २०१४ ला एक प्रत बीजिंगच्या फिल्म संग्रहालयाला दिली.

आणि हे इथे पहिल्यांदा झालेलं नाही. डॅनिश दिग्दर्शक ड्रायरच्या १९२८ च्या 'जोन ऑफ आर्क'ची मूळ प्रत जळाली असं सगळे धरून चालले होते, ती १९८१ ला ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात मिळाली. तिथे ती कुणी आणि कशाला मागवली, यावर इथे अजून गप्पा रंगतात.

---

रीळवाली

मी निवृत्त होईपर्यंत फिल्म तपासायचंच काम केलं. दोन्ही बाजूंना रीळ फिरवायची हँडलं, मधे काचेखाली दिवा, आणि हातात सुती मोजे. त्यामुळे मास्तरांच्या पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देते.

तुम्ही विचारताय, प्रिंट तिकडे कशी टिकली. टिकवली नाही कुणी, परत पाठवली नाही, एवढंच. पिक्चर म्हणजे तेव्हा भाड्याने फिरणारा माल. एक प्रिंट शांघायहून निघाली की मोठ्या शहरातून छोट्या शहरात, तिथून दुसऱ्या देशात, असं करत करत जिथे पुढे कुणी घेणारं नाही तिथे थांबायची. तोवर ती एवढी ओरबाडलेली असायची की जहाजाचं भाडं तिच्या किमतीपेक्षा जास्त. मग वितरक म्हणणार, असू दे तिथेच. कॅनडाच्या उत्तरेला डॉसन सिटी म्हणून गाव आहे, सोन्याच्या खाणींचं. तिथेही सगळ्यांचा प्रवास संपायचा. जमलेली रिळं त्यांनी एका जुन्या पोहण्याच्या तलावात भराव म्हणून टाकली आणि वर माती लोटली. १९७८ ला खोदकामात पाचशेच्या वर रिळं निघाली. बर्फाने जपली.

याउलट जिथे पिक्चर बनला तिथे त्याची किंमत असते, आणि तीच त्याला खाते. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदी असते हो. बोलपट आले, मूकपटाला गिऱ्हाईक राहिलं नाही, की निगेटिव्हसकट सगळं धुऊन चांदी काढायची. पट्टीचं सेल्युलॉइडही विकलं जायचं. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाचे नायरसाहेब 'आलम आरा'साठी अर्देशिर इराणींकडे गेले होते, त्यांची हकिकत बऱ्याच जणांनी ऐकली असेल. म्हातारबुवा म्हणाले, असतील दोन-तीन रिळं पडलेली. नंतर मुलाने सांगितलं की ती चांदीसाठी कधीच दिली. १९३१ चा पिक्चर, देशातला पहिला बोलपट, निर्मात्याच्या स्वतःच्या घरातून गेला. मग शांघायवाल्यांना कशाला नावं ठेवायची?

दुसरं कारण थंडी. १९५० च्या आधीच्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मची पट्टी बहुतेक नायट्रेटची असायची. ती उष्णतेत आणि दमटपणात स्वतःच सडते. आधी चित्र पिवळट पडतं, मग वेटोळी एकमेकांना चिकटतात, वर बुडबुडे येतात आणि पातळ काकवीगत काहीतरी सुटतं. शेवटी डब्यात तपकिरी भुकटी. मुंबई-कोलकात्याच्या हवेत हे सगळं पटापट होतं. ध्रुवाजवळच्या डोंगरात फार हळू.

आता मास्टर विठ्ठल. त्याचे शारदा फिल्म कंपनीचे मूकपट बघायला मिळावेत असं मलाही वाटतं. तलवार, दोरखंड, घोडे. 'आलम आरा'साठी तो शारदा सोडून गेला, मामला कोर्टात गेला आणि त्याची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली, एवढा त्याचा भाव होता. ते पिक्चर सापडले तर मुंबईत सापडणार नाहीत, असं माझं मत. जिथे भाड्याने फिरून थांबले असतील तिथे बघायला हवं. २०१६ ला १९१९ च्या 'बिल्वमंगल'चा तुकडा आपल्याकडे आला तो पॅरिसच्या संग्रहालयातून.

अगदीच निराश होऊ नका मात्र. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचे १९३१ चे दोन मूकपट राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात आहेत, 'दिलेर जिगर' आणि 'गुलामीनु पतन'. 'दिलेर जिगर'मध्ये नायक डोंबाऱ्याचे खेळ करणारा, आणि नायिका ललिता पवार. हो, त्याच. सासू व्हायच्या आधी त्या तलवार चालवायच्या. ज्यांना बाईंचा फक्त वटारलेला डोळा माहीत आहे त्यांनी तो जरूर बघावा.

---

एकपडदा

काकू, जबरदस्त प्रतिसाद! जपान्यांचं काय? त्यांच्याकडे तर युद्धात सगळंच जळालं असेल.

---

रीळवाली

काकू कुणाला म्हणतोस रे. ताई म्हण.

भूकंपात गेलं, युद्धात गेलं, आणि उरलेलं आपल्यासारखंच चांदीत गेलं. पण त्यांच्याकडे सापडायच्या तऱ्हा मजेशीर आहेत. दाइसुके इतोचा 'चुजीची प्रवासवही' १९२७ चा, तीन भागांचा, नायक देन्जिरो ओकोची. तिथल्या समीक्षकांनी १९५९ मध्ये आजवरचा सर्वोत्तम जपानी चित्रपट म्हणून निवडला, तेव्हा तो हरवलेला होता. म्हणजे आठवणीवर मत दिलं! १९९१ ला हिरोशिमाकडे त्याची रिळं मिळाली. पहिला भाग नाही, दुसऱ्याचा थोडा, तिसऱ्याचा बराचसा. मी तो बघितला आहे. ओकोचीचा चुजी शेवटी लकव्याने अंथरुणाला खिळलेला असतो, आणि त्याच्याभोवती त्याची माणसं लढत असतात. सगळी मारामारी चालली आहे आणि नायकाचे फक्त डोळे हलतायत. असा शेवट घ्यायला छाती लागते.

त्याच इतोचा १९२९ चा आणखी एक तलवारपट २००२ ला मिळाला, पण साडेनऊ मिलिमीटरवर. मधोमध भोकं असलेली ती बारीक फिल्म, घरी भिंतीवर बघायला श्रीमंत लोक विकत घ्यायचे. म्हणजे कुणाच्या तरी घरातल्या करमणुकीसाठी कापून छोटी केलेली आवृत्ती तेवढी राहिली, अर्ध्या तासाच्या आतली. कंपनीकडे काही नाही. यातून काय ते समजा.

---

माहेर_सांगली

हा धागा वाचून धडधडायला लागलंय. माझ्या मामांचा टुरिंग टॉकीजचा तंबू होता, जत्रेजत्रेने फिरायचे. वाड्याच्या माळ्यावर अजून पत्र्याचे डबे आहेत. मामी म्हणतात भंगारवाल्याला देऊन टाकू. एकाला फार घाण वास येतो. उघडून बघू का? दादा म्हणतो लाइटीसमोर धरून बघूया, नाहीतर प्रोजेक्टर मिळवून चालवूया.

---

रीळवाली

दादाला म्हणावं थांब.

आधी रुंदी बघा. पट्टी सोळा मिलिमीटरची असेल, म्हणजे करंगळीपेक्षा थोडी जास्त, तर घाबरायचं कारण नाही. ती नायट्रेटवर जवळपास निघतच नव्हती. तंबूवाल्यांकडे पुष्कळदा तीच असायची. पस्तीसची असेल तर कडेला बारीक अक्षरांत काय छापलंय ते शोधा. 'सेफ्टी' असेल तर ठीक. 'नायट्रेट' असेल किंवा काहीच नसेल, तर नायट्रेटच आहे असं धरून चाला. वासावरूनही कळतं. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे सेफ्टी फिल्म सडतेय. नाकात जाऊन बसणारा उग्र वास आणि डब्यात भुकटी किंवा चिकटा म्हणजे दुसरी भानगड.

नायट्रेट फिल्मला जळायला हवेची गरज नाही, प्राणवायू तिच्या पोटातच असतो. पेटली की पाण्यात बुडवली तरी जळते, आणि धूर विषारी. पूर्वी ऑपरेटरच्या केबिनला लोखंडी झडपा आणि वाळूच्या बादल्या असायच्या त्या उगाच नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, तेव्हा काय काय गेलं ते आठवलं तरी पोटात तुटतं. तेव्हा प्रोजेक्टर नाही, बल्ब नाही, माळ्यावर उदबत्ती नाही, विडी नाही. पत्रा तापतो त्या कोपऱ्यातून डबे सावलीत, हवेशीर जागी हलवा. माणसं झोपतात त्या खोलीत नको. चिकटलेली वेटोळी ओढून सोडवू नका, चित्र सोलून हातात येतं. कुरिअर तर अजिबात नको, घेणारही नाहीत. फोटो काढा. डब्यावरची चिठ्ठी, पट्टीची कड, आणि पाटी सापडली तर पाटी. ते पुण्याला संग्रहालयाला पाठवा, पुढचं ते सांगतील.

चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका बरं का. डबा एकाचा आणि आत रीळ दुसऱ्याचं, हे आम्ही रोज बघायचो. डबे महाग, त्यामुळे तेच तेच वापरायचे. वर 'संत तुकाराम' आणि आत दाढीच्या साबणाची जाहिरात. त्यापेक्षा फिल्मची कड खरी. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हं असतात, त्यावरून कच्ची फिल्म कुठल्या साली बनली ते कळतं. पण दर वीस वर्षांनी तीच चिन्हं फिरून येतात, म्हणून पाट्यांवरची अक्षरं, नटाचे कपडे, मागे दिसणारी मोटार, असं सगळं बघून ठरवावं लागतं.

आणि मामींना सांगा, भंगारवाला किलोवर घेईल.

---

माहेर_सांगली

पस्तीसच आहे, मोजली. कडेला 'सेफ्टी' आहे, तीनात. चौथा दादाने उघडलेला नाही, अंगणात शेडखाली ठेवलाय. फोटो उद्या पाठवते. धन्यवाद ताई.

---

वाईकर मास्तर

काय काय मिळालं या धाग्यात! ऑस्लोकर, एकपडदा, ताई, मनापासून आभार. 'दिलेर जिगर' आता यादीत.

एक शेवटची शंका. कोळ्यांच्या पिक्चरमधला थोडा भाग सहावीच्या वर्गाला दाखवावा म्हणतो, माकड असलेला. मी लॅपटॉपवर बघितला तेव्हा माणसं उगाच तुरुतुरु पळत होती. माझ्या मशीनचा दोष का?

---

रीळवाली

मशीनचा नाही, वेगाचा. मूकपट सेकंदाला सोळा ते वीस चौकटींनी चित्रित व्हायचे, बोलपटाच्या चोवीसने चालवले की पळणारच. प्लेअरमध्ये पाऊणपट वेग करून बघा. तलवारी जरा जड वाटायला लागतील, पण शेवटची मारामारी नीट कळेल.

---

ऑस्लोकर

आणि मास्तर, आंघोळीचा प्रसंग आधी स्वतः बघून ठेवा. १९२७ च्या मानाने फारच मोकळाढाकळा आहे. लग्नापासून लावलात तर पालकसभा शांततेत पार पडेल.

---

एकपडदा

लग्नापासूनच लावा. तोवर मी मंदिराचे अठरा भाग शोधतो. ताई, सिंगापूर का सुराबाया?

---

रीळवाली

मी असते तर दोन्हीकडे पत्र टाकलं असतं. चिनी पिक्चरचं गिऱ्हाईक तेव्हा दक्षिणेकडच्या समुद्रातल्या सगळ्या बंदरांत होतं. फक्त तिथली हवा मुंबईसारखी आहे, हे लक्षात ठेव.